मोठं रुग्णालय अडीच तासांवर असेल तर निघायचं कधी?

पत्र: माझ्या धाकट्या बहिणीला एकतिसावा आठवडा चालू आहे. ही दुसरी खेप. पहिल्या वेळी सिझर झालं, त्याला तीन वर्षं झाली. हिमोग्लोबिन ९.२ आहे. तिच्या सासरपासून आरोग्य केंद्र वीस मिनिटांवर आहे. तिथे नर्स बाळंतपणं करतात, पण ऑपरेशनची सोय नाही. तासाभरावर एक रुग्णालय आहे, तिथे आता सिझर फक्त दिवसा होतात. चोवीस तास सगळी सोय असलेलं रुग्णालय अडीच तासांवर. तिच्या सासूबाई म्हणतात, कळा सुरू झाल्या की केंद्रात नेऊ, काही वाटलंच तर पुढे जाऊ. मला ते पटत नाही, पण त्यांना काय सांगावं ते सुचत नाही. नक्की कधी निघावं? आणि वाटेतच काही झालं तर काय करायचं?
– मोठी बहीण

ताई,

तुम्हाला पटत नाही ते योग्यच आहे. निघायचं कधी, याचं सरळ उत्तर आधी देतो: कळा सुरू व्हायच्या आधी. सदतीस ते अडतीस आठवड्यांच्या दरम्यान बहिणीचा मुक्काम मोठ्या रुग्णालयाच्या जवळ हलवा. अर्ध्या तासाच्या आत पोहोचता येईल अशी जागा हवी. आजपासून तुमच्या हातात सहा-सात आठवडे आहेत, तेवढे पुरतात.

सिझर झालेल्या बाईने ऑपरेशनची सोय नसलेल्या ठिकाणी कळा काढायच्या नाहीत, याचं कारण गर्भपिशवीवरचा जुना टाका. कळांच्या जोराने तो उसवण्याची शक्यता कमी असते, साधारण दोनशे जणींमागे एक. पण उसवलाच तर बाळाच्या हातात काही मिनिटं असतात, आणि आईला पोट उघडून टाके घालण्यावाचून दुसरा उपाय नसतो. केंद्रातली नर्स कितीही अनुभवी असली तरी तिथे तिला काही करता येत नाही.

आता सासूबाई म्हणतात ते ‘पुढे जाऊ’ घड्याळ लावून मोजा. रात्री एक वाजता कळा सुरू झाल्या. थोडं थांबून बघू म्हणता म्हणता दोन वाजतात. गाडी येऊन केंद्रात पोहोचेपर्यंत पावणेतीन. तपासणीत अर्धा तास जातो, मग ‘इथे नको, पुढे न्या’ असं सांगतात. पुढची गाडी, कागद, घरच्यांची चर्चा यात चार वाजतात. अडीच तासांचा रस्ता धरला तर साडेसहा. तिथे तपासणी, रक्तगट जुळवणं आणि शस्त्रक्रियागृह तयार होणं यात आणखी अर्धा तास. म्हणजे कुणीही हलगर्जीपणा केला नाही तरी सहा तास. सेरीन थॅडियस आणि डेबोरा मेन या अभ्यासकांनी १९९४ मध्ये या उशिराचे तीन टप्पे मांडले: घरातून निघायचं ठरवण्यातला उशीर, वाटेतला उशीर, आणि पोहोचल्यावर उपचार मिळण्यातला उशीर. तुमच्या बहिणीच्या बाबतीत पहिला आणि तिसरा टप्पा आज घरबसल्या कमी करता येतो. दुसरा, म्हणजे अंतर, कमी करायचा एकच मार्ग आहे, आधी जाऊन राहणं.

सहा तास जास्त की कमी, हे कशासाठी धावताय त्यावर ठरतं. उपचार मिळाले नाहीत तर आईचा जीव जायला लागणारा वेळ तज्ज्ञांनी ढोबळमानाने असा धरला आहे: बाळंतपणानंतरच्या रक्तस्रावात दोन तास, बाळंतपणाआधीच्या रक्तस्रावात बारा तास, पिशवी फाटल्यास एक दिवस, झटक्यांच्या आजारात दोन दिवस, अडलेल्या बाळंतपणात तीन दिवस, जंतुसंसर्गात सहा दिवस. ही सरासरी आहे, अंगात रक्त कमी असेल तर वेळ आणखी कमी. दोन तासांच्या आत तातडीची प्रसूतिसेवा मिळावी, असा आंतरराष्ट्रीय मापदंडही याच हिशोबाला धरून आहे. तुमचं रुग्णालय त्या रेषेच्या पलीकडे पडतं.

रक्तस्राव इतका घाईचा का, तेही समजून घ्या, म्हणजे घरच्यांना सांगताना शब्द सापडतील. दिवस भरलेल्या पिशवीतून मिनिटाला अर्धा लिटर किंवा त्याहून जास्त रक्त खेळत असतं. वार सुटल्यावर त्या जागेच्या रक्तवाहिन्या उघड्या पडतात आणि पिशवीचे आडवेउभे स्नायू घट्ट आवळूनच त्या बंद करतात. स्नायू आवळले नाहीत, पिशवी मऊच राहिली, तर दहा-पंधरा मिनिटांत बाई पांढरी पडू शकते. असं कुणाला होणार हे आधी सांगता येत नाही. ज्यांना होतं त्यांतल्या बहुतेकींमध्ये आधी धोक्याची काहीच खूण नसते.

पहिलं काम, येत्या आठवड्यात सोनोग्राफीचा रिपोर्ट काढून वार कुठे आहे ते बघा. वार वर असेल तर ठीक. खाली, पिशवीच्या तोंडावर किंवा जुन्या टाक्यावर बसली असेल तर सगळं नियोजन बदलतं. अशा वेळी पोटात न दुखता अचानक लालभडक रक्त जाऊ लागतं, आणि टाक्यावर रुजलेली वार नुसत्या सिझरने सुटत नाही. रिपोर्टमध्ये असं काही असेल तर सदतीसाव्या आठवड्याची वाट बघू नका. चौतिसाव्यापासूनच जवळ राहायचं, आणि कुणालाही आतून बोट घालून तपासू द्यायचं नाही. रिपोर्टमध्ये वारेचा उल्लेखच नसेल तर बत्तीस ते चौतीस आठवड्यांत पुन्हा सोनोग्राफी करून घ्या.

दुसरं, पहिलं सिझर कशासाठी झालं आणि छेद कसा घेतला होता, हे लिहिलेला डिस्चार्जचा कागद शोधा. त्यावरून डॉक्टर ठरवतील की नैसर्गिक बाळंतपणाचा प्रयत्न करायचा की तारीख ठरवून सिझर. ठरवून करायचं झालं तर साधारण एकोणचाळिसाव्या आठवड्यात करतात. इतक्या लांब राहणाऱ्या बाईसाठी आमचा कल ठरवलेल्या तारखेकडे आहे, पण ती तारीखही ‘आदल्या दिवशी जाऊ’ असं म्हणण्याइतकी भरवशाची नसते. कळा अडतिसाव्यातही सुरू होतात.

जवळ राहायचं म्हणजे कुठे, हा खरा अडसर असतो. लांबच्या भागातल्या गरोदर बायकांसाठी रुग्णालयाशेजारी प्रतीक्षागृहं असावीत, अशी शिफारस जागतिक आरोग्य संघटनेने २०१५ मध्ये केली. क्युबात ती १९६२ पासून आहेत. तुमच्या रुग्णालयात अशी सोय आहे का ते फोन करून विचारा. नसेल तर नातेवाइकांचं घर किंवा दोन-तीन आठवड्यांसाठी एक खोली. आणि तीन वर्षांच्या मोठ्या मुलाला कोण सांभाळणार, हे आजच ठरवा. बायका आधी जाऊन राहत नाहीत, त्याचं कारण बहुतेक वेळा हेच असतं. घरी लहान मूल असतं आणि त्याची सोय कुणी केलेली नसते.

तिसरं काम हिमोग्लोबिन. ९.२ म्हणजे जो रक्तस्राव दुसरी बाई सहन करेल, तो तुमच्या बहिणीला झेपणार नाही. डॉक्टरांनी दिलेली लोहाची गोळी रोज घ्यायची, पण कॅल्शियमच्या गोळीबरोबर, दुधाबरोबर किंवा चहानंतर लगेच नाही, मध्ये किमान दोन तास जाऊ द्यायचे. मळमळत असेल तर रात्री झोपताना घ्यावी, बंद करू नये. नीट घेतली तर तीन-चार आठवड्यांत साधारण एक ग्रॅम वाढतं. चार आठवड्यांनी पुन्हा तपासा. वाढलं नसेल तर शिरेतून लोह देण्याबद्दल विचारा, तेव्हा त्याला अजून वेळ असेल. दिवस भरल्यावर विचारलं तर रक्त चढवणं एवढाच पर्याय उरतो. तिचा रक्तगट लिहून ठेवा. निगेटिव्ह असेल तर त्या गटाचं रक्त मिळेल का, हे रुग्णालयाला आधीच कळवा. रक्त देऊ शकतील अशा दोन निरोगी माणसांचे फोन नंबरही फाइलवर लिहा.

रुग्णालयाला फोन कराल तेव्हा ‘सिझरची सोय आहे का’ एवढंच विचारलंत तर उत्तर ‘आहे’ असंच येईल. विचारायचं ते असं: रात्री दोन वाजता सिझर होतं का? रविवारी आणि सणाला? भूलतज्ज्ञ इमारतीत असतात की घरून येतात, आणि किती मिनिटांत? रक्त इमारतीतच साठवलेलं असतं की दुसरीकडून आणावं लागतं? बाळाला श्वास घ्यायला त्रास झाला तर ते तिथेच ठेवतात की पुढे पाठवतात? ऐन वेळी ‘इथे होत नाही’ असं सांगितलं जातं ते बहुतेकदा यांपैकी एकाच गोष्टीमुळे. सर्जन असतो आणि भूलतज्ज्ञ रजेवर असतो, किंवा दोघेही असतात आणि रक्त नसतं. तासाभरावरचं रुग्णालय रात्री बंद आहे त्यामागेही असंच काही असणार. हे गरीब देशांपुरतं नाही. अमेरिकेतल्या निम्म्याहून अधिक ग्रामीण काउंट्यांमध्ये २०१४ पर्यंत प्रसूतीची रुग्णालयीन सोय उरली नव्हती. माणसं मिळत नाहीत आणि थोड्या बाळंतपणांसाठी रात्रपाळी चालवणं परवडत नाही म्हणून आधी हेच विभाग बंद पडतात.

आता तुमचा दुसरा प्रश्न. मुक्काम हलवायच्या आधीच, म्हणजे पुढच्या सहा आठवड्यांत काही झालं तर?

एक नियम घरातल्या प्रत्येकाला पाठ हवा: कोणत्या त्रासात आधी केंद्रात थांबायचं आणि कोणत्या त्रासात न थांबता पुढे जायचं. झटके आले, किंवा डोकं असह्य दुखून नजर अंधुक झाली, छातीखाली उजवीकडे दुखू लागलं, तर केंद्रात थांबा. तिथे रक्तदाब बघून मॅग्नेशियम सल्फेटचा पहिला डोस दिला की मगच पुढे न्यायचं. २००२ च्या ‘मॅगपाय’ नावाच्या औषध-चाचणीत या औषधाने झटक्यांचं प्रमाण निम्म्यावर आलं होतं. पुढे पाठवण्याआधी पहिला डोस द्यावा, हे जागतिक आरोग्य संघटनेचंच म्हणणं आहे. तेव्हा तो न देता ‘लगेच पुढे न्या’ म्हणाले तर नम्रपणे पण ठामपणे विचारा. थंडी वाजून ताप आणि अंगावरून घाण वासाचं पाणी जात असेल तरी थांबा आणि प्रतिजैविकाचं पहिलं इंजेक्शन घेऊनच निघा. बाळंतपणानंतर रक्त जात असेल तरी आधी केंद्रच.

पण जुन्या टाक्याच्या जागी कळ ओसरल्यावरही दुखतच राहिलं, जोरात येणाऱ्या कळा एकदम थांबल्या, बाळंतपणाआधी लाल रक्त गेलं किंवा पाणमोट फुटून नाळ बाहेर दिसली, तर उपाय ऑपरेशन हाच आहे. त्या वेळेला ऑपरेशन चालू असलेल्या सर्वांत जवळच्या जागी सरळ जा. दिवस असेल तर तासाभराचं रुग्णालय, रात्र असेल तर अडीच तासांचं, आणि गाडीत बसता बसता फोन. पाणमोट नुसतीच फुटली, कळा नाहीत, तरी तिच्या बाबतीत वाट बघायची नाही. नाळ बाहेर आली असेल तर ती आत ढकलू नका. बाईला गुडघ्यांवर आणि छातीवर ओणवं करा, कंबर वर, डोकं खाली, म्हणजे बाळाचा भार नाळेवर येत नाही. गाडीत तसं जमत नसेल तर डाव्या कुशीवर झोपवून कंबरेखाली दोन उशा द्या. एरवीही पूर्ण वाट डाव्या कुशीवरच, पाठीवर उताणं नाही.

फोनवर सांगायच्या गोष्टी एका कागदावर आधीच लिहून ठेवा, घाबरल्यावर त्या सुचत नाहीत: वय, कितवा आठवडा, दुसरी खेप, आधी सिझर, रक्तगट, शेवटचं हिमोग्लोबिन, आत्ता काय होतंय आणि कधीपासून, केंद्रात कोणतं औषध किती वाजता दिलं, पोहोचायला किती वेळ. या फोनमुळे भूलतज्ज्ञ घरून निघतो आणि तुम्ही दारात पोहोचता तेव्हा तो हजर असतो. केंद्रातून पुढे पाठवताना चिठ्ठी घ्या आणि नर्सला सोबत यायला सांगा. पुढच्या रुग्णालयाने ‘हो, पाठवा’ म्हटल्याशिवाय गाडी हलवू नका. नाहीतर तिथून तिसरीकडे पाठवतात आणि हातातला वेळ गाडीत जातो.

गाड्या दोन ठरवा, एक बंद पडली तर दुसरी. रात्री फोन उचलतील अशाच माणसांच्या. रस्ता एकदा अंधारात जाऊन बघा: मोबाइलला रेंज कुठे जाते, पाऊस पडल्यावर कोणता पूल बंद होतो. नवरा घरी नसेल तर निघायचा निर्णय कोण घेणार, हे त्याच्याकडूनच आज सगळ्यांसमोर बोलून घ्या. रात्री दोनला त्याचा फोन लागायची वाट बघण्यात तास जातो.

समजा वाटेतच बाळ झालं. गाडी बाजूला घेऊन थांबवा, दिवे लावा. बाळाला ओढू नका, पोट दाबू नका. बाळ आलं की कोरड्या टॉवेलने लगेच पुसा, पाठ चोळा. बहुतेक बाळं एवढ्यावर रडतात. मग आईच्या उघड्या छातीवर ठेवा, डोक्यावर टोपी, वरून दुसरं कोरडं कापड. नाळ कापायची घाई नाही. निर्जंतुक पातं नसेल तर बाळ आणि वार दोन्ही जोडलेली राहू द्या, काही बिघडत नाही. वार आपोआप येऊ द्या, नाळेला हिसका दिला तर पिशवी उलटी होऊन बाहेर येऊ शकते. वार आल्यावर बेंबीच्या आसपास हात ठेवून बघा. पिशवी नारळासारखी कडक लागायला हवी. मऊ लागली तर कडक होईपर्यंत गोल गोल चोळा, तिला लघवी करायला लावा आणि बाळाला अंगावर पाजायला घ्या. भरलेलं मूत्राशय पिशवीला आवळू देत नाही, ही साधी गोष्ट फार वेळा राहून जाते. पाच मिनिटांच्या आत एक पॅड पूर्ण भिजलं किंवा तासाभरात वार आली नाही, तर ती धोक्याची खूण. आत कापड कोंबू नका, त्याने रक्त थांबत नाही, फक्त दिसेनासं होतं. भिजलेली कापडं प्लास्टिकच्या पिशवीत भरून सोबत न्या, रक्त किती गेलं ते डॉक्टरांना त्यावरून कळतं.

नुसत्या नजरेचा अंदाज नेहमी कमीच भरतो. म्हणूनच केनिया, नायजेरिया, दक्षिण आफ्रिका आणि टांझानिया इथल्या रुग्णालयांत बाईखाली मापाच्या खुणा असलेलं प्लास्टिक अंथरून रक्त मोजलं, आणि ठरलेले सगळे उपचार एकदमच सुरू केले. २०२३ मध्ये आलेल्या निष्कर्षानुसार गंभीर परिणाम ६० टक्क्यांनी कमी झाले. त्या उपचारांत ट्रॅनेक्झॅमिक ॲसिड हे रक्त थांबवणारं औषध आहे. एक ग्रॅम, शिरेतून, बाळ झाल्यापासून तीन तासांच्या आत. दर पंधरा मिनिटांच्या उशिराने त्याचा फायदा साधारण दहा टक्क्यांनी घटतो. ते केंद्रात आहे का, आणि पिशवी आवळायला लावणारं ऑक्सिटोसिनचं इंजेक्शन फ्रीजमध्ये ठेवतात का, हे पुढच्या तपासणीला विचारून घ्या. दोन ते आठ अंशांत न ठेवलेलं ऑक्सिटोसिन हळूहळू निकामी होतं. वीज वारंवार जात असेल तर इंजेक्शन देऊनही रक्त थांबत नाही, आणि का थांबत नाही ते कुणाला कळत नाही.

या ऑक्सिटोसिनबद्दल एक कळकळीचं सांगणं. ‘कळा वाढवायचं इंजेक्शन’ म्हणून कुणी घरी किंवा केंद्रात बाळंतपणाआधी ते द्यायला निघालं तर देऊ देऊ नका. जुन्या टाक्याच्या पिशवीवर त्याचा जोर अनावर होतो आणि टाका उसवतो. बाळंतपणानंतर जे औषध जीव वाचवतं, तेच बाळंतपणाआधी अशा ठिकाणी जीव घेऊ शकतं. पिशवी आवळणाऱ्या मिसोप्रोस्टॉलच्या गोळ्यांचंही तसंच.

सासूबाईंशी बोलताना मोठ्या रुग्णालयाची थोरवी सांगू नका, आणि केंद्रातल्या नर्सबद्दल वावगं बोलू नका. त्या नर्सच्या हातून गावातली बाळंतपणं सुखरूप झालेली असतील, सासूबाईंचा विश्वास तिथूनच आलेला आहे. पुढच्या तपासणीला त्यांनाच सोबत न्या आणि त्यांच्यासमोर नर्सला विचारा, ‘हिचं सिझर झालंय, हिचं बाळंतपण तुम्ही इथे कराल का?’ जाणती नर्स नाही म्हणेल. ते उत्तर तुमच्या तोंडून येण्यापेक्षा तिच्या तोंडून आलेलं बरं. वर दिलेला सहा तासांचा हिशोब मात्र तुम्हीच त्यांच्यासमोर मांडा, आणि मोठ्या नातवाला त्यांनी सांभाळावं अशी विनंती त्याच वेळी करा.

शेवटी, बाळ हातात आलं की लोक निर्धास्त होतात, तिथे सावध राहा. नैसर्गिक बाळंतपण झालं तर किमान चोवीस तास रुग्णालयातच, सिझर झालं तर डॉक्टर सांगतील तितके दिवस. रक्तदाब बाळंतपणानंतर तिसऱ्या ते सहाव्या दिवशी सर्वांत वर जाऊ शकतो आणि झटके घरी आल्यावरही येतात. म्हणून घरी आल्यावर पहिला आठवडा रोज रक्तदाब मोजून घ्या. १४०/९० च्या वर गेला तर त्याच दिवशी दाखवा, १६०/११० गाठला तर रात्र असली तरी निघा. रक्त कमी होत जायच्या ऐवजी वाढलं, ताप आला, धाप लागली किंवा पोटरी एका बाजूने सुजून दुखू लागली तरी तेच. दोन्ही गाडीवाल्यांना सांगून ठेवा की बाळ झाल्यावरही सहा आठवडे फोन चालू ठेवायचा आहे.